कीर्ती, ख्याती की प्रसिद्धी?

‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ एकाच धातूतले: गुण गाणे, उल्लेख करणे. म्हणून कीर्ती चांगल्या कामाचीच. चोराची कीर्ती फक्त उपरोधात. ‘ख्याती’ ‘ख्या’ म्हणजे सांगणे यातून आली. ती विख्यात आणि कुख्यात अशी दोन्हीकडे जाते. ‘प्रसिद्धी’ जपून वापरा, कारण पुस्तकही प्रसिद्ध होते, म्हणजे नुसते छापून येते.

खरी गडबड लिहिताना. ‘किर्ती’ चूक, पहिली वेलांटी दीर्घच. शेवटची सुट्या शब्दात दीर्घ, समासात ऱ्हस्व: कीर्तिस्तंभ, प्रसिद्धिपत्रक. (सरकारी पत्रकांवरही ‘प्रसिद्धीपत्रक’ सर्रास दिसते!) ‘प्रसिध्दी’ होते ती अक्षरांचा क्रम उलटल्याने. आधी द, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग ध टंका.