अडीच एमएमची पिन, दोन बटणं आणि 10 मीटर वायर: घरचा शटर रिमोट

कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, फोकस बरोबर आहे आणि तरी रात्रीचा फोटो हललेला येतो, कारण बटण दाबताना आपलंच बोट कॅमेरा हलवतं. 2 सेकंदांचा टायमर लावला की हे थांबतं, पण वीज चमकते किंवा पक्षी पाण्यावर उतरतो तेव्हा ती 2 सेकंदं आणायची कुठून, आणि बल्ब मोडमध्ये (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) तर बटण दाबूनच धरायचं असतं. त्यामुळे वायरचा रिमोट हवाच, आणि तो एका संध्याकाळी घरी होतो.

आधी कॅमेऱ्याच्या बाजूचं रबरी झाकण उघडून बघा. कॅननच्या 600डी, 700डी अशा बॉडीला तिथे अडीच एमएमचं गोल सॉकेट असतं, हेडफोनच्या साडेतीनपेक्षा बारीक. खालचं सगळं त्यासाठीच आहे. निकॉनचा कनेक्टर वेगळा असतो, तो सुटा शोधत बसण्यापेक्षा एखादा स्वस्त तयार रिमोट आणून त्याची वायर कापून घेतलेली बरी.

आतलं गणित अगदी सोपं आहे. पिनचे तीन भाग, टोक म्हणजे शटर, मधली रिंग म्हणजे फोकस (बटण अर्धं दाबल्यासारखं) आणि मुळाचा भाग ग्राउंड. रिंग ग्राउंडला जोडली की फोकस, टोक ग्राउंडला जोडलं की क्लिक. बॅटरी लागत नाही आणि कृपा करून लावूही नका, बाहेरून व्होल्टेज दिलं तर कॅमेऱ्याचा बोर्ड जाऊ शकतो.

सामान पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळून जातं, गाडी लांब लावून चालतच जा. पिन मागताना 'स्टिरिओ' म्हणून दोनदा सांगा, मोनो पिनला दोनच भाग असतात आणि ती घातली की रिंगचा संपर्क ग्राउंडला टेकून फोकस कायमचा दाबलेला राहतो. बाकी दोन पुश बटणं (दाबलं की लागतं, सोडलं की सुटतं), एक छोटा टॉगल स्विच आणि माइकची दोन कोअरची (आत दोन तारा असलेली) शिल्डवाली वायर. मी 10 मीटर घेतली, इथे नुसता संपर्क जुळायचा असतो त्यामुळे लांब वायरने काही अडत नाही.

जोडणी अशी: शिल्ड म्हणजे वरची जाळी ग्राउंडला, आतली लाल तार पिनच्या टोकाला, पांढरी रिंगला. दुसऱ्या बाजूला जाळी तिन्ही स्विचच्या एकेका पायाला, पांढरी फोकसच्या बटणाच्या उरलेल्या पायाला, आणि लाल शटरच्या बटणाला आणि टॉगललाही. टॉगल बल्बसाठी, वर केला की शटर दाबलेलं राहतं, हात मोकळा.

सोल्डरिंगला घाई नको. पिनचं झाकण आधी वायरमध्ये ओवून घ्या, नाहीतर सगळे डाग देऊन झाल्यावर परत सोडवावं लागतं. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून मग डाग द्या, म्हणजे आतलं प्लॅस्टिक मऊ झालं तरी भाग जागचे हलत नाहीत. माझ्या पहिल्या रिमोटला जाळीचा केसाएवढा एक तार टोकाच्या पत्तीला चिकटला होता, दिसतही नव्हता, कॅमेऱ्याला लावला आणि बटणाला हात न लावता तो क्लिक क्लिक सुरूच झाला. तेव्हापासून कॅमेऱ्याला लावायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून तपासतो, बटण न दाबता कुठलाही बीप यायला नको आणि प्रत्येक बटणाला त्याचाच यायला हवा. हे कराच, महागाची वस्तू आहे.

डबी म्हणून गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली चालते, झाकणाला भोकं पाडून बटणं बसवा आणि वायर निघते तिथे आत गाठ मारून वरून एम-सील लावा, म्हणजे ओढ डागांवर येत नाही.

कोथरूडला बाल्कनीत मी मातीच्या परळात पाणी ठेवतो, बुलबुल येतात, कधी दयाळ. कॅमेरा परळापाशी, फोकस मॅन्युअल करून काठावर लावलेला, आणि मी आत पडद्यामागे 10 मीटरची वायर घेऊन. पाणी प्यायला मान खाली जाते तेव्हा नाही, वर येते तेव्हा दाबायचं, चोचीवर थेंब असतो.

ताऱ्यांच्या रेघांसाठी शहराच्या उजेडापासून लांब, पानशेतकडे वगैरे जावं लागतं. उत्तरेला तोंड करा, पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजाच्या साधारण साडेअठरा अंश वर दिसतो. 30 सेकंद एक्सपोजर, ड्राइव्ह कंटिन्युअसवर (बटण दाबलेलं असेपर्यंत एकामागून एक फोटो), लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद (नाहीतर दर फोटोनंतर कॅमेरा थांबतो आणि रेघा तुटतात) आणि टॉगल वर. तासाभरात 120च्या आसपास फोटो होतात, तारे 15 अंश सरकतात, घरी येऊन स्टारस्टॅक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. मधेमधे टॉर्च खाली वळवून लेन्सची काच बघत राहा, थंडीत दव धरतं आणि पुढचे सगळे फोटो धुरकट येतात.