टॉवर स्पीकरला बिनधास्त ‘स्मॉल’ करा: स्पीकर साइझ आणि सबवूफरचं सेटिंग

होम थिएटरच्या रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतो त्या अँपच्या डब्याच्या, मेनूत स्पीकर सेटअप उघडलं की प्रत्येक स्पीकरपुढे लार्ज की स्मॉल असं विचारलेलं असतं, आणि भलेभले इथंच गंडतात. मीही गंडलो होतो. कमरेच्या वर येणारे दोन टॉवर स्पीकर, दोघांनी धरून उचलावे लागलेले, त्यांना स्मॉल म्हणायला मन धजेना, म्हणून लार्ज ठेवले आणि मग वर्षभर डोकं खाजवत बसलो की एवढा दणकट सब (सबवूफर, फक्त खालचा बास वाजवणारा वेगळा स्पीकर) घेतलाय तरी गाणी लावली की हा गप्प का बसतो.

तर आधी हे डोक्यात पक्कं करा की या साइझचा डब्याच्या उंचीशी काही संबंध नाही. लार्ज म्हणजे रिसिव्हरला सांगायचं की या स्पीकरला खालपासून वरपर्यंत सगळा आवाज पाठव, आणि स्मॉल म्हणजे अमुक हर्ट्झच्या (हर्ट्झचा आकडा जेवढा कमी तेवढा आवाज खालचा, जाड) खालचं याच्या गळ्यात मारू नको, ते सबकडे वळव. बस, एवढंच. ‘खालचा बास सबला द्यायचा का, हो की नाही’ असं लिहिलं असतं तर एवढा घोळच झाला नसता.

सब असेल तर सगळे स्पीकर स्मॉल. टॉवरसुद्धा. कारण साधं आहे, फ्रिक्वेन्सी निम्मी केली की तेवढाच मोठा आवाज काढायला कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट आत-बाहेर हलावं लागतं. म्हणजे 80 हर्ट्झला जो कोन 1 मिलिमीटर हलतो त्याला 40 ला 4 आणि 20 ला 16 मिलिमीटर हलायला पाहिजे, आणि टॉवरमधला सहा-साडेसहा इंची कोन तेवढा हलतच नाही. हा हिशोब बंद डब्याचा झाला, पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या डब्यात ते भोक ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं असतं तिच्या आसपास कोनला आराम मिळतो पण त्याच्या खाली गेलं की तो आणखीच मोकाट सुटतो. बरं तोच कोन त्याच वेळी माणसाचा आवाज, गिटार, पावलांचा आवाज असं बरंच काही वाजवत असतो, मग स्फोटाच्या सीनमध्ये सगळंच चिरकायला लागतं. स्मॉल केल्यावर ही मेहनत सबच्या बारा इंची कोनवर आणि त्याच्या स्वतःच्या अँपवर जाते, रिसिव्हरच्या अँपला दम मिळतो आणि तेच टॉवर मधल्या आवाजात एकदम मोकळे वाटायला लागतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मी चुकून दुसराच मोड लावला.

आणि सब नसेलच तर? मग मेनूत सबवूफर ‘नो’ करा, पुढचे दोन आपोआप लार्ज होतात, विषय संपला.

स्मॉल केलं की पुढचा प्रश्न क्रॉसओव्हरचा, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचं सबकडे वळवायचं. 80 हर्ट्झपासून सुरुवात करा. हा आकडा सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केला, त्यामागचं कारण असं की साधारण 80 च्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला धड कळत नाही, त्यामुळे सब कोपऱ्यात असला तरी बास समोरच्या स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं. पाच ते साडेसहा इंची कोनच्या बुकशेल्फला (फळीवर मावणाऱ्या स्पीकरला) 80 चालतो, चार इंचीला 100 ते 120, आणि ते मुठीएवढे सॅटेलाइट असतात त्यांना 150 च्या आसपास जावं लागतं. टॉवरला 60 करून बघायला हरकत नाही पण बहुतेक वेळा फिरून 80 वरच येतो माणूस. खोक्यावर ‘45 हर्ट्झपासून’ असं छापलेलं असतं त्यावर लगेच भुलू नका, त्यापुढे किती डीबी (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) खाली मोजलंय ते बघा, उणे 10 वर मोजलेला आकडा म्हणजे तिथे स्पीकर वाजत नाही, नुसता कुजबुजतो. छापलेल्या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट क्रॉसओव्हर ठेवला की सहसा फसत नाही. कारण क्रॉसओव्हर म्हणजे भिंत नाही, उतार आहे. बऱ्याच रिसिव्हरमध्ये स्पीकरचा बास दर सप्तकाला 12 डीबीने उतरतो, म्हणजे 80 ठेवला तरी 40 हर्ट्झचं थोडंफार स्पीकरकडे जातंच.

सगळ्यांना एकच आकडा पाहिजे असं नाही, पुढचे 80, सेंटर (पडद्याजवळचा, संवाद वाजवणारा मधला स्पीकर) 90, मागचे 110 असं वेगवेगळं चालतं. पण सेंटरकडे लक्ष द्या. पुरुषाच्या आवाजाचा पाया 85 ते 180 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे बारका सेंटर आहे म्हणून क्रॉसओव्हर 150 ला नेला आणि सब बाजूच्या भिंतीला असला की हिरोचं तोंड पडद्यावर आणि छातीतला आवाज सोफ्याच्या शेजारून, असं विचित्र होतं. क्रॉसओव्हर वर ठेवावाच लागत असेल तर सब समोर, सेंटरच्या जवळ आणा.

आता एलएफई. पाच स्पीकर आणि एक सब अशा 5.1 मधला तो ‘.1’, सिनेमावाल्यांनी धमाक्यासाठी ठेवलेला वेगळा चॅनल, 120 हर्ट्झपर्यंतचा. मेनूत ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (या चॅनलचा आवाज कुठपर्यंत जाऊ द्यायचा ती वरची मर्यादा) असं काहीतरी दिसेल, ते 120 वर ठेवा आणि विसरा. लोक ते आणि क्रॉसओव्हर एकच समजून दोन्ही 80 करतात आणि एलएफईचा वरचा भाग विनाकारण कापतात. त्याच्याच आसपास ‘एलएफई प्लस मेन’ किंवा ‘डबल बास’ नावाचा ऑप्शन असतो, नाव ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण तो बंदच ठेवा. त्यात तोच बास टॉवरमधूनही येतो आणि सबमधूनही, मग एका खुर्चीवर दोन्ही एकमेकांवर चढून नुसतं घुमतं आणि शेजारच्या खुर्चीवर एकमेकांना खाऊन टाकतात. माझा सब गाण्यांना गप्प का होता तेही इथंच कळलं: पुढचे लार्ज, सब फक्त एलएफईवर, आणि स्टिरिओ गाण्यात एलएफई नसतोच. मग सबला जाणार काय, कप्पाळ? आणखी एक, प्युअर डायरेक्टसारख्या, आवाजात काही फेरफार न करणाऱ्या मोडमध्ये बरेच रिसिव्हर हे बास वळवायचं कामच बंद करतात, त्यामुळे त्या मोडमध्ये गाणं लावून सब बिघडला म्हणू नका.

सबच्या पाठीमागची बटणं पटकन उरकू. केबल एलएफई लिहिलेल्या इनपुटला, एकच पुरते. लो पास किंवा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर नाहीतर बायपास, कारण ते काम रिसिव्हर करतोय आणि दोघांनी चाळणी लावली तर मध्ये खड्डा पडतो. गेन (सबच्या अँपचा आवाज) मध्याच्या जरा खाली, फेज (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायचं बटण) 0. ऑटो स्टँडबायवर हळू आवाजात सब मध्येच झोपत असेल तर सरळ ‘ऑन’ करून टाका.

जागा मात्र घाईत ठरवू नका, कारण वरची सगळी सेटिंगं मिळून जेवढा फरक पाडतात तेवढा सब दोन फूट सरकवून पडू शकतो. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी 8.6 मीटर असते, त्यामुळे 4.3 मीटर लांबीच्या खोलीत ती नेमकी अर्धी बसते, दोन्ही भिंतींजवळ बास फुगतो आणि बरोब्बर मधोमध गायब होतो. तुमचा सोफा तिथं असेल तर आवाज वाढवून, इक्वलायझर ओढून काहीही होणार नाही, सोफाच फूटभर मागे घ्या. सबसाठी जुनी युक्ती म्हणजे सबलाच सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवायचं, सतत चालणारी बास लाइन असलेलं गाणं लूपवर लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. मी हे केलं तेव्हा घरातले दारात उभे राहून बघत होते आणि मी गुडघ्यावर, एक कान जमिनीजवळ धरून, पण खरंच एका ठिकाणी बासचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता आणि तिथून हातभर पुढे गेलं की सगळ्याचा एकच ‘हूंऽऽ’. जिथं सूर सुटे ऐकू येतात तिथं सब ठेवा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो पण मोठा म्हणजे चांगला नव्हे.

मग ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे रिसिव्हर माइकने खोली मोजून स्वतःच सेटिंग करतो ते. माइक कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, आणि पंखा बंद. ते झालं की मेनू पुन्हा उघडायचाच, कारण बऱ्याचदा मशीन तुमच्या टॉवरना परत लार्ज करून बसतं. स्मॉल करा. क्रॉसओव्हर मशीनने दिलेल्यापेक्षा वर नेला तरी चालतं, खाली नेऊ नका, त्या खालच्या भागात त्याने दुरुस्ती केलेलीच नसते. सबची लेव्हल उणे 12 डीबीला, म्हणजे खालच्या टोकाला, टेकलेली दिसली तर सबचा गेन कमी करून पुन्हा मोजणी करा, कारण उणे 12 म्हणजे मशीनने हात टेकलेत, खरं किती कमी करायचं होतं ते कळत नाही. आणि सब तीन मीटरवर असून मेनूत पाच मीटर दाखवलं तर ते चूक समजून टेपने मोजून बदलायला जाऊ नका, सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि मशीन तो उशीर अंतरात मोजतं, 1 मिलिसेकंद म्हणजे साधारण 34 सेंटिमीटर.

चिकाटी असेल तर पुढचं करा. क्रॉसओव्हरच्या आकड्याचाच टोन, म्हणजे 80 हर्ट्झ, पुढचे स्पीकर आणि सब दोन्हीतून वाजवा आणि कुणाला तरी फेज 0 आणि 180 फिरवायला लावा, तुम्ही जागेवरच बसा. ज्यात आवाज मोठा ते बरोबर. मग सबचं अंतर 30-30 सेंटिमीटरने मागेपुढे करून परत तेच. यानेच ड्रमचा ठोका ‘भप्प’वरून ‘ठक्’वर येतो, सब वाढवून येत नाही.

लेव्हलचं म्हणाल तर सगळे चॅनल टेस्ट टोनवर 75 डीबीला जुळवायचे, आवाज मोजायच्या मीटरवर सी वेटिंग आणि स्लो ही सेटिंगं ठेवून. फोनमधल्या अॅपचा माइक खालच्या बासला कच्चा असतो, त्याच्यावर डोळे झाकून जाऊ नका. सब दोन-तीन डीबी वर ठेवणं हा चवीचा भाग आहे, रात्री हळू आवाजात ऐकताना तर लागतंच, कारण आवाज कमी केला की कान बासला आधी बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. फक्त 6-8 डीबी चढवू नका, संवाद गढूळ होतात आणि तुम्हाला वाटतं सेंटर खराब आहे.

एवढं करूनही सब कुठं आहे ते कानाला कळत असेल तर क्रॉसओव्हर बदलण्याआधी खोलीतली खडखड शोधा, कारण काहीतरी थरथरलं की त्याचा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो आणि कान लगेच तिकडे वळतो. 20 ते 100 हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन लावा आणि हात लावत फिरा, कपाटाची काच, स्विचबोर्ड, पडद्याचा रॉड. माझ्याकडे 52 हर्ट्झला कुरकुरत होती ती सबचीच जाळी, कापूस पट्टी लावून बसवली.