ढोल, पेटी आणि गळा: घरच्या मिक्सला बसण्याआधीची तयारी

गणपतीच्या गाण्यात ढोल, ताशा, संबळ, पेटी, बासरी, कोरस आणि त्यातून वाट काढणारा गायक अशी सगळी वरात एकदम येते. मग जो तो आपला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर सरकवायला सांगतो आणि शेवटी सगळेच ओरडतात, ऐकू कोणीच येत नाही. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी कागद घ्या. सुरुवातीचा ठेका, मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, शेवटची दुगुन असे गाण्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा: इथे पुढे कोण. दोन नावं लिहावीशी वाटली, तर तिथे भांडण होणार हे धरून चाला. ज्याचं नाव नाही त्याने त्या तुकड्यात थोडं कमी वाजवायचं किंवा गप्प बसायचं. हे वादकांना रेकॉर्डिंगच्या आधी सांगा, नंतर नाही.

पेटीचं उदाहरण घ्या. पेटीवाले काका सवयीने गायकाच्या मागोमाग, त्याच सप्तकात, तीच ओळ वाजवतात. बैठकीत ती साथ गोड लागते, माईकवर मात्र पेटी आणि गळा एकाच जागेत बसतात आणि शब्द पुसट होतात. ‘काका, अंतऱ्यात एक सप्तक वर घ्या, किंवा ओळ संपली की मधली जागा तेवढी भरा’ एवढं सांगितलं, तर पुढे इक्यूशी (आवाजातला खालचा-वरचा भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाशी) झटापट करावी लागत नाही. काका थोडे रुसतात, पण चहा झाला की ऐकतात.

सुरांचं काम त्याच दिवशी उरकून घ्या. पेटी सहजासहजी हलत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. ट्यूनर अ‍ॅपवर तिचा सूर पाहा, जुनी पेटी ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरापासून जराशी सरकलेली असते. तेवढाच फरक कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये टाका. गाण्यात तबला असेल तर तो गाण्याच्या पट्टीत लावलेलाच हवा. मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) एका सुराभोवती जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं, त्यामुळे तबला उतरला की सरळ बेसूर ऐकू येतो. ढोलाला एवढा नेमका सूर नसतो, पण पावसाळी हवेत कातडी पान सैल पडतं. दोऱ्या ओढून घ्या, नाहीतर ‘धम्म’च्या जागी ‘भद्द’ येईल आणि त्याला सॉफ्टवेअरमधलं कुठलंच प्लगइन उपयोगी पडत नाही.

ढोल फ्लॅटमध्ये रेकॉर्ड करायचा विचार सोडून द्या. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा तिसरा मजला असो की सिडकोतली दोन खोल्यांची जागा, शेजारी बेल वाजवणारच, आणि लहान खोलीत खर्ज नुसता घुमतो. कोणाचा मखमलाबादकडे मळा असेल तर तिथलं मोकळं अंगण उत्तम, फक्त पत्र्याच्या शेडपासून लांब. दोन माईक असतील तर एक टिपरूच्या बाजूला, एक थापीच्या, दोन्ही पानापासून साधारण सारख्याच अंतरावर लावा. मग एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं (ध्वनिलहर उलटी करणारं) बटण दाबून पाहा. टिपरू पडलं की एका बाजूचं पान माईकपासून आत जातं आणि दुसरं माईककडे बाहेर येतं. म्हणजे दोन्ही ट्रॅक एकमेकांना खातात आणि ढोल पोकळ वाटतो. ज्या स्थितीत खर्ज भरलेला वाटेल ती ठेवा. एक माईक ३४ सेंटिमीटर जास्त लांब असेल तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो ट्रॅक हाताने तेवढाच अलीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा सरकवता येतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. लेव्हल लावताना ‘हॅलो, हॅलो’ पुरत नाही. ताशावाल्याला त्याची सगळ्यात जोरातली फेरी वाजवायला लावा आणि शिखर उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. फुटलेला ताशा नंतर दुरुस्त होत नाही.

घरी आल्यावर आधी नुसती आवराआवर. ट्रॅकला नावं द्या, ढोल-ताशा एका बसवर (सगळ्यांचा आवाज एकत्र हलवता येईल अशा गटात), कोरस दुसऱ्या. रिकाम्या जागांतला पंखा आणि स्कूटर कापा, प्रोजेक्टची वेगळी प्रत ठेवा. आणि ऐकण्याचा आवाज गप्पांइतकाच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी वाटतो, मोठा केला की भरतो. दणक्यात मिक्स केलेला ढोल म्हणूनच दुसऱ्या दिवशी हळू आवाजात गायब होतो.

आता कापाकापी. नियम एकच: ज्याला पुढे आणायचं त्याला वाढवण्याआधी त्याच्या वाटेतल्याला कमी करा. ढोल आणि बेस सोडून सगळ्यांचा खालचा भाग काढा, गळ्याचा ८० ते १०० हर्ट्झखाली, पेटीचा १५० खाली, टाळांचा तर ५०० खाली. गढूळपणा बहुतेक २०० ते ४०० मध्ये साचतो. शब्दांची धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, तिथे पेटीला दोन-तीन डीबीचा खड्डा द्या, पण गळा चालू असताना. सोलो करून (एकच ट्रॅक चालू ठेवून) इक्यू करणं म्हणजे वेळ वाया घालवणं, कारण ऐकणारा सोलो ऐकत नाही. एकटी ऐकली तर पेटी बारीक वाटेल, वाटू द्या.

ढोल पुढे यायला खर्ज नव्हे, टिपरूची ‘टक्’ लागते. कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावलात तर अटॅक, म्हणजे दाबायला लागण्याआधीचा वेळ, २०-३० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे ती टक् सुटते आणि मागचा घुमारा दबतो. थोडं सॅच्युरेशनही (वरचे उपस्वर वाढवणारी हलकी फूट) द्या. मोबाइलच्या स्पीकरमध्ये १०० हर्ट्झ जवळपास नसतंच, तिथे ढोल त्याच्या वरच्या उपस्वरांवरच ओळखू येतो.

पॅनिंगला (डाव्या-उजव्या मांडणीला) फार डोकं नको: ढोल आणि गळा मध्ये, पेटी डावीकडे, बासरी उजवीकडे, कोरस दोन्ही टोकांना. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) एकच, सेंडवर, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर ठेवून प्रत्येकाचा हवा तेवढा आवाज तिकडे पाठवून, त्याचाही २५० खालचा भाग कापून, गळ्यासाठी २०-३० मिलिसेकंद प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत). ढोलाला जवळजवळ नाहीच, रिव्हर्बने ओला झालेला ढोल मागे जातो. मग तो पहिला कागद काढून तुकड्यातुकड्याला पुढे असणाऱ्या वाद्याला ऑटोमेशनने (तेवढ्या तुकड्यापुरता आपोआप हलणाऱ्या फेडरने) दीड-दोन डीबी वाढ द्या.

शेवटी मोनो करून (डावं-उजवं एकत्र करून) ऐका, कारण मांडवातली व्यवस्था बहुतेक मोनोच असते. कडेला ठेवलेली पेटी तिथे मध्ये येऊन गळ्यावर बसते का, हे आत्ताच कळेल. मोबाइलवर ऐका, मित्राच्या गाडीत गंगापूर रोडला एक चक्कर मारून ऐका. ऑनलाइनसाठी सरासरी आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) आसपास आणि शिखर उणे १ डीबी पुरे. मंडळासाठी पेनड्राइव्हवर वेव्ह, ३२० ची एमपी३ आणि ढोल-ताशा म्यूट केलेली एक प्रत टाका. मिरवणुकीत पथक प्रत्यक्ष वाजवणार असेल तर तीच लागते.