लोणच्यासारखी मुरवायची लिकर

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे पुतण्यानं विमानतळावरून कालुआची बाटली आणली तेव्हा चव घेण्याआधी मी चष्मा लावून लेबल वाचलं. १९३६ साली मेक्सिकोच्या व्हेराक्रूझमध्ये सुरू झालेली ही लिकर, म्हणजे स्वाद मुरवलेली गोड दारू. आत काय, तर रम, साखर आणि कॉफी. किंमत ऐकली आणि म्हटलं, अरे, हे तिन्ही तर सोलापुरात मिळतंय की!

तेव्हापासून दर डिसेंबरला आमच्याकडे दोन-तीन बाटल्या होतात. आपण दारू गाळत नाही, विकत आणलेली मुरवतो. घरी भट्टी लावणं बेकायदा आहे आणि जिवावरचंही. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्होडकासारख्या दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. आणि प्रयोगशाळेतलं, रंगकामाचं किंवा सॅनिटायझरचं स्पिरिट चुकूनही वापरायचं नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं, डोळे जातात, माणूसही जातो. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या कपाटाची किल्ली मी कुणाला देत नसे, ती याच भीतीनं.

आता कॉफी. साधी काळी रम ७५० मिली, कॉफी १०० ग्रॅम. पूडमध्ये चिकोरी नको. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीनं मिसळलेलीच बांधतो. दळण रव्याएवढं जाड हवं. बरणीत कॉफी, वर रम, झाकण घट्ट, आणि एक दिवस थांबायचं. एकच दिवस. पहिल्या वर्षी मला वाटलं जितकी मुरेल तितकी चांगली, म्हणून चार दिवस ठेवली. निघाला तो सर्दीवरचा काढा! कॉफीचा वास आधी उतरतो, कडवटपणा मागून येतो. वास आला की गाळायचं.

गाळायला धोतराचं जुनं, उकळून वाळवलेलं कापड घ्या. इथला टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी त्याची लव सुटते. मग फिल्टर पेपरमधून एकदा. थेंब थेंब पडतं, तासभर जातो, पण पिळायचं नाही. पिळलं की गाळ उतरलाच.

अर्धा किलो साखर ४०० मिली पाण्यात विरघळवून पाक पूर्ण गार करा. तार बघायची नाही, जिलब्या करायच्या नाहीत. गरम पाक ओतला तर अल्कोहोल उडतं, वासही जातो. दोन्ही एकत्र करून व्हॅनिलाचे दोन थेंब घाला. हिशेब बघा: आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७५० मिलीत ३२१ मिली. सगळं मिळून जवळजवळ दीड लिटर धरलं तर फार तर बावीस टक्के; कॉफीच्या गाळात थोडी रम अडकते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. तरी बाजारातल्याच्या तोडीचं! दोन आठवडे अंधारात ठेवा. पहिल्या दिवशी रम, साखर, कॉफी वेगवेगळी लागतात, नंतर एकजीव होतात.

लिंबाचं त्याहून सोपं. वीस-पंचवीस कागदी लिंबं कोमट पाण्यात घासून धुवायची, साल बटाटे सोलायच्या सोलाण्यानं फक्त हिरवी-पिवळी काढायची. पांढरा पापुद्रा आला तर कडू झालीच. साली ७५० मिली व्होडकात दोन आठवडे. त्या फिकट होऊन कागदासारख्या मोडायला लागल्या की तेल उतरलं म्हणायचं. गाळून मग वरच्याच प्रमाणात पाक. पाक पडताच गढूळ झाली तर घाबरू नका, सालीचं तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून तसं होतं. सोललेली लिंबं बायको ताबडतोब लोणच्याला घेते. लिकरवर तिचा राग आहे, पण लिंबं मात्र चालतात.

क्रीमवाली आयरिश लिकर, म्हणजे १९७४ची बेलीज, तिची नक्कल करताना मी साय वापरली. मिक्सर दोन मिनिटं फिरवला आणि वर लोण्याचा गोळा तरंगायला लागला, खाली व्हिस्कीचं ताक. साय नकोच. पाकिटातलं फ्रेश क्रीम २५० मिली, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, व्हिस्की २५० मिली, एक चमचा इन्स्टंट कॉफी, चमचाभर कोको. हातानं ढवळायचं, मिक्सर लावायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायची, थर वेगळे झाले तर बाटली हलवायची. आंबट वास आला तर सरळ ओतून द्यायची.

लिंबाची नोव्हेंबरच्या शेवटी, कॉफीची दहा-बारा डिसेंबरला आणि क्रीमची एकोणतीसला लावली की एकतीसला तिन्ही टेबलावर येतात. आमच्या घरी पुढची मुदतही ठरलेली आहे: संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा सुरू व्हायच्या आत घरात बाटली दिसता कामा नये. यात्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज निघायच्या आदल्या दिवशी बायको कपाट उघडून बघते. मागच्या वर्षी कॉफीची अर्धी उरली होती, ती शेजाऱ्यांच्या मुलानं 'सांभाळायला' म्हणून नेली. बाटली परत आली. रिकामी, पण धुतलेली.