टॅनिंग बेडला जाणाऱ्या मैत्रिणीला कसं अडवायचं? मेसेज असा लिहा

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलींच्या रूममेट स्प्रिंग ब्रेकच्या, म्हणजे कॉलेजच्या वसंतातल्या सुट्टीच्या आधी टॅनिंग बेडवर (अतिनील म्हणजे यूव्ही किरणांनी कातडी सावळी करणाऱ्या मशीनवर) झोपून येतात. आपल्याकडे गोरं व्हायच्या क्रीमा खपतात, तिकडे सावळं व्हायला पैसे मोजतात, हसू येतंच, पण ते मेसेजात किंवा पोस्टरवर नको. कुणाला लाजवलं की तो मेसेज तिथेच मेला.

१. वेळ आधी धरा. स्प्रिंग ब्रेक मार्चमध्ये, म्हणजे मेसेज फेब्रुवारीत गेला पाहिजे. एप्रिलमध्ये पोस्टर लावून काय करणार!

२. सुरुवात कॅन्सरने करू नका. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००९ मध्ये ही मशीन्स गट १ मध्ये टाकली, तंबाखू त्याच गटात आहे, हे खरंय. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, तेव्हा "सिगरेटइतकंच घातक" असं ठोकून देऊ नका, कुणीतरी पकडणारच. आणि १९ वर्षांच्या पोरीला कॅन्सर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं वाटतं, सुरकुत्यांचं मात्र लगेच लागतं. म्हणून "टॅनिंगने कॅन्सर होतो" पेक्षा "रंग आठवड्याभरात उतरेल, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या नाही उतरणार" हे चालतं. यूव्ही कॅमेऱ्याने काढलेला तिचाच फोटो दाखवता आला तर बेस्ट, साध्या आरशात न दिसणारे डाग त्यात ढळढळीत दिसतात.

३. कॅन्सर आणायचाच तर त्यांच्याच वयाच्या माणसाकडून आणा. ऑस्ट्रेलियातली क्लेअर ऑलिव्हर २००७ मध्ये मेलानोमाने (कातडीच्या कॅन्सरने) गेली, वय २६, शेवटच्या दिवसांत टीव्हीवर येऊन सोलारियमबद्दल, म्हणजे तिथल्या टॅनिंग बेडच्या दुकानांबद्दल सांगत होती. पुढे तिथल्या सगळ्या राज्यांनी ही दुकानंच बंद केली.

४. "बेस टॅन (सुट्टीआधीच चढवलेला रंग) असला की उन्हात भाजत नाही" हे ऐकवतीलच. तो टॅन जेमतेम एसपीएफ ३-४ च्या सनस्क्रीनएवढा वाचवतो. "व्हिटॅमिन डी मिळतं" म्हणाल्या तर सांगा की बेडमधून मुख्यतः यूव्हीए प्रकारचे किरण येतात आणि डी बनायला लागतात यूव्हीबी प्रकारचे.

५. नुसतं "नको" म्हणून भागत नाही, रंग तर हवाच असतो, मग स्प्रे टॅन (अंगावर फवारायचा रंग) सुचवा, त्यात यूव्ही नाही. फक्त सोबत हेही लिहा की स्प्रे उन्हापासून वाचवत नाही, बीचवर सनस्क्रीन लागणारच.