गोठवलेली फळं: ठेवायची कशी, टाकायची कधी

धुणं, चिरणं, बिया काढणं सांगत बसत नाही. फळं कोरडी करा, ताटात एकेरी पसरून कडक होऊ द्या, मग पिशवीत भरून हवा दाबून काढा. वर तारीख. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर हवा. बहुतेक फळांची चव ८ ते १२ महिने टिकते, संत्र्या-मोसंबीची त्याहून कमी.

आता खरी गोम. 'बर्फ साचला की फळ गेलं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पांढरट, सुकट डाग म्हणजे ओलावा उडालाय. चव उतरते, पण पोट बिघडत नाही. वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं तेही साहजिक, कारण बर्फाचे कण आतल्या पेशी फोडतात. लोक अशी फळं टाकून देतात आणि टाकायला हवी ती जपून ठेवतात!

टाकायची ती मधेच पूर्ण वितळून पुन्हा गोठलेली. थंडीने जंतूंची वाढ थांबते, ते सगळे मरत नाहीत. वितळलं की पुन्हा कामाला लागतात. सुट्ट्या फोडींचा एकच गोळा झालाय आणि तळाशी रस गोठलाय, तर संशय घ्याच.

मी इथेच फसले होते. आठवडाभराने घरी आले, फ्रीझर चालू, सगळं दगडासारखं कडक. पिशवीला नाक लावलं, काही वास नाही. म्हटलं, चला, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी वितळलेल्या स्ट्रॉबेरीवर फेस आणि आंबूस, दारूसारखा वास. गोठलेल्या वस्तूला वास येतोच कुठे! म्हणून 'वास घेऊन बघा' हा सल्ला वितळल्यानंतरच कामाचा. दोन-तीन फोडी झाकून फ्रिजमध्ये वितळू द्या, मग बघा. आंबूस वास, बुडबुडे, बुरशी, तार सुटणं, यांतलं एकही दिसलं की अख्खी पिशवी टाका. चाखून खात्री करू नका.

तेव्हापासून बाहेरगावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवते. परतल्यावर नाणं तळाशी असेल तर सगळं वितळून गेलं होतं, मग मी हळहळत बसत नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फळांत बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही.

वासावरून कळत नाही अशी एक गोष्ट आहे. हेपटायटिस ए (कावीळ करणारा विषाणू) आणि नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) गोठवून मरत नाहीत, आणि गोठवलेल्या बेरीवर्गीय फळांतून ते पसरल्याचं आढळलंय. घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा आजारी कुणी असेल तर ही फळं मिनिटभर खळखळून उकळूनच द्या.

वितळवायची फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. बाहेर दोन तासांहून जास्त राहिलेली परत आत ढकलू नका.