करारनाम्यात न सांगता केलेले बदल असे पकडा

ठाण्यात जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे मसुदे ईमेलवर फिरतात. समोरच्याने वर्डमधील ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदलावर खूण ठेवणारी सोय) बंद ठेवून कार्पेट एरिया किंवा भाड्याचा आकडा बदलला, तर तो सहज नजरेतून सुटतो आणि फटका सभासदांना बसतो.

१. वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबवर 'कम्पेअर' उघडा.
२. 'ओरिजिनल'मध्ये आपण पाठवलेली फाइल, 'रिव्हाइज्ड'मध्ये परत आलेली फाइल निवडून ओके करा.

फरक खुणांसह दाखवणारी तिसरी फाइल उघडते, आधीच्या दोन्ही तशाच राहतात. पीडीएफ आली तर वर्ड फाइलच मागा.

सांभाळा: 'नो मार्कअप'ने खुणा फक्त लपतात. पुढे पाठवण्याआधी प्रत्येक बदल ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करा, कॉमेंट्स वेगळ्या डिलीट करा.